मागच्या चाकावरचा डाग

लेक: ...नाही काका, पूर्ण गाडी. वरपासून खालपर्यंत जुनं सगळं घासून काढा आणि नवीन कोटिंग मारा. उद्या सकाळी सहाला निघायचंय मला. आठ तासांचा रस्ता आहे.

आई: जुनं काढायचं नाही.

लेक: आई, घरून निघताना आपलं काय ठरलं होतं?

आई: ठरवलं तू. मी फक्त चपला घातल्या आणि शेजारी येऊन बसले.

भागीदार: अहो, आधी आत तर या. वहिनी, ही खुर्ची घ्या, कोरडी आहे. सव्वा वर्षात पहिल्यांदा तुमचे पाय लागले वर्कशॉपला, आणि दारातच मायलेकींची जुंपली. चहा सांगतो.

आई: नको भाऊजी. घेऊनच निघालोय.

भागीदार: मग पंखा तरी तुमच्याकडे वळवतो. आणि तू गं? नोकरी लागली म्हणे. उस्ताद असता ना, रस्त्यावरच्या माणसांना धरून धरून सांगितलं असतं त्याने.

लेक: बाबा असते तर गाडीपण त्यांनीच करून दिली असती. म्हणून तुमच्याकडे आणली. दुसऱ्या कुणाच्या हातात द्यायला मन होईना.

आई: भाऊजी, तुम्हीच समजवा हिला. ह्यांनी जायच्या चार दिवस आधी इथेच, ह्याच शेडमध्ये ह्या गाडीला थर दिला होता. घरी येऊन म्हणाले, 'तुझी गाडी कधीची राहिली होती, आज एकदाची केली.' ह्यांच्या हातचं शेवटचं काम ते. त्यावर मशीन फिरवायचं?

लेक: आई, गाडी आहे ती. भिंतीवरचा फोटो नाही.

आई: फोटोला ह्यांचा हात लागलेला नाही.

लेक: बघा काका. हे असं सुरू आहे आठवडाभर.

भागीदार: थांबा, थांबा. भांडताय त्या थरावरून, पण तो थर गाडीवर उरलाय किती, ते तर आधी बघू. पाणी मारलं की लगेच कळतं.

आई: उरलाय किती म्हणजे? पाच वर्षं टिकतो ना? बाहेर बोर्डावर लिहिलंय तुमच्या.

लेक: लिहिलं होतं. आता 'दोन वर्षं' केलंय बघ. काका, हे कधी झालं?

भागीदार: वर्ष झालं. बदलला मी बोर्ड.

लेक: त्या पाचवरून बाबा तुमच्याशी दहा वर्षं भांडले, तेव्हा नाही बदललात!

भागीदार: बाटलीवर पाच छापलेलं असतं, म्हणून मी पाच लिहायचो. उस्ताद म्हणायचा, 'बाटलीवाल्याने गाडी सावलीत ठेवून पाच मोजलेत. आपल्या गिऱ्हाइकाची गाडी दिवसभर उन्हात उभी असते. दोन सांग. दोन सांगितलंस तर गिऱ्हाईक पुन्हा काम घेऊन येईल, पाच सांगितलंस तर शिव्या घालायला येईल.' खरं होतं त्याचं. मला उशिरा पटलं. बरं, हे बघा वहिनी, दारावर पाणी मारतो. दिसले मणी? कसे टपोरे, गोल?

आई: हो. असेच व्हायचे सगळीकडे. पावसात गाडी उभी असली की मी गॅलरीतून बघत बसायचे.

भागीदार: पाण्याला एक खोड असते. त्याला आपलं आपण गोळा होऊन राहायचं असतं. खालची वस्तू ओढून घेते, म्हणून ते पसरतं. तेलाचा हात लागलेल्या ताटात पाणी टाका, ते पसरत नाही, गोळा होऊन इकडून तिकडे पळतं. कोटिंगचं तेच. फक्त तेल धुतलं की जातं, आणि हे रंगाला धरून कडक होऊन बसतं. काचेसारखं. केसाचे पन्नास भाग केले तर त्यातला एक, एवढं पातळ. मग थेंब टिकत नाही, घरंगळतो, आणि जाता जाता धूळही घेऊन जातो.

लेक: काका, हे भाषण मला पाठ आहे. ह्याच शेडमध्ये बादली उलटी करून त्यावर बसून मी गृहपाठ केलाय.

भागीदार: तुला कोण सांगतंय? वहिनींना सांगतोय. उस्तादने घरी कधी सांगितलं नसेल.

आई: घरी ते बोलायचे कुठे? हात धुवायचे, जेवायचे, झोपायचे. आता टपावर मारा पाणी.

भागीदार: टपावर... मारतो.

(टपावर पाणी पडतं. मणी होत नाहीत. पाणी सपाट पसरतं आणि तिथेच राहतं.)

आई: हे असं का?

लेक: गेलंय ते, आई.

भागीदार: लगेच गेलं म्हणू नकोस. कधी कधी थर असतो, पण वर मळ बसून त्याचा श्वास कोंडलेला असतो. धूळ, धूर, जड पाण्याचे पांढरे डाग. नीट धुतलं की पुन्हा जागा होतो. वहिनी, गाडी कशाने धुता?

आई: भांड्याच्या साबणाने. पण घासणी नाही हं वापरत. ह्यांचा जुना बनियन आहे, मऊ झालेला. त्याने.

भागीदार: कितीदा?

आई: दर रविवारी. हे म्हणायचे, कोटिंग केलेली गाडी धुतली नाही तर कोटिंग मरतं. मी एक रविवार चुकवला नाही. तापाने फणफणले होते तेव्हासुद्धा धुतली. आणि ऊन लागू नये म्हणून वरून चादर. सकाळी काढायची, झटकायची, परत टाकायची.

भागीदार: चादर. रोज.

आई: का हो? चुकलं का काही?

भागीदार: नाही, चुकलं असं नाही...

लेक: काका, खरं सांगा तिला. बोर्ड बदललात ना?

भागीदार: वहिनी, भांड्याचा साबण तेल सोडवायलाच केलेला असतो. तो थरालाही दमवतो. आणि चादरीखाली धूळ अडकते. चादर ओढली की ती धूळ रंगावर घासत जाते. पण त्याने एवढं—

आई: म्हणजे मीच घालवलं.

भागीदार: उन्हाने घालवलं. टप आणि बॉनेट सगळ्यांचेच आधी जातात. ऊन तिथेच पडतं ना सरळ.

आई: उन्हाचं सांगू नका मला. ह्यांच्या हातचं एवढं एकच उरलं होतं आणि मी ते दर रविवारी घासून घासून गटारात सोडलं.

लेक: आई, तू मुद्दाम केलंस का?

आई: मुद्दाम केलं नाही म्हणून काय झालं? मी काय मुद्दाम करते कधी? आंधळी आहे मी. समोरचं दिसत नाही मला. ते माणूस घरात होतं तेव्हाही दिसलं नाही.

भागीदार: वहिनी, असं नका बोलू. थांबा, मी आपल्या शॅम्पूने धुतो. मळ असेल तर निघेल. पाच मिनिटं. तू नळी धर गं, आणि पाणी वरून सोड, खालून नको.

लेक: माहितीये.

भागीदार: माहितीये तर धर नीट. माझ्या पायावर काय सोडतेस? ...हं. आता टप. आता बॉनेट. बास. कर बंद. फडकं दे ते, निळं नको, पांढरं. पाणी मारतो परत.

आई: नाही ना झाले मणी?

भागीदार: टप नाही उठला. बॉनेटवर पुढच्या कडेला थोडे आहेत. दारं चांगली आहेत, दोन्ही बाजूंची. खोटं नाही सांगत, अर्धी गाडी आहे अजून.

आई: अर्धी.

लेक: आई, मी हे तुला दुखवायला करत नाहीये. मी तिकडे एकटी असणार. गाडी दिवसभर ऑफिसच्या बाहेर उघड्यावर उभी राहणार. वर काही नसेल तर दोन वर्षांत रंग फिका पडेल, मग रंगच द्यावा लागेल पूर्ण. बाबांनाच विचारलं असतं तर त्यांनी काय सांगितलं असतं?

आई: तुला जे हवं ते सांगितलं असतं. तुझ्यापुढे त्यांचं काही चालायचं नाही.

भागीदार: वहिनी, मधला मार्ग सांगतो. टप आणि बॉनेट फक्त घासू. दारांना, मागच्या बाजूला हात लावत नाही. तिथे उस्तादचं आहे ते राहू दे. झिजेल तेव्हा झिजेल. पटतंय?

आई: असं करता येतं?

भागीदार: आपण म्हटलं तर सगळं करता येतं.

लेक: चालेल मला. पण मग मागची बाजू नीट बघून घ्या, ओरखडे असतील तर. लाईट द्या इकडे, मी धरते. तिरका धरायचा ना? ...दार ठीक आहे. पेट्रोलच्या झाकणाजवळ ठीक. काका, हे काय आहे?

भागीदार: कुठे?

लेक: मागच्या चाकाच्या वर. तळहाताएवढं. काळपट दिसतंय. लाईट हलवला की रंग बदलतो. ओल्या रस्त्यावर पेट्रोल सांडलं की दिसतं ना, तसं.

आई: तो डाग ना? तो जुनाच आहे. मला डांबर वाटलं. घासून घासून दमले, पण जात नाही.

भागीदार: ते... ते काही नाही. पाण्याचा डाग आहे. दोन मिनिटांचं काम. मशीन फिरवतो, गेला. सर बाजूला.

लेक: थांबा. हा पाण्याचा डाग नाहीये.

भागीदार: अगं, सर म्हटलं ना.

लेक: काका, बाबांनी मला शिकवलंय हे. थर लावला की एक-दोन मिनिटांत असे रंग दिसायला लागतात. रंग दिसले की लगेच पुसून सारखं करायचं. नाही पुसलं तर तिथेच कडक होतं आणि मग मशीनशिवाय निघत नाही. हे न पुसलेलं कोटिंग आहे.

भागीदार: राहतं कधी कधी. कुणाचंही राहतं.

लेक: कुणाचंही राहत असेल. बाबांचं? काका, बाबा गिऱ्हाइकाला गाडी देताना तीनदा लाईट फिरवायचे. तुम्ही त्यांना 'सोनार' म्हणून चिडवायचात. आणि एवढा डाग त्यांना दिसला नाही? आईच्या गाडीवर?

आई: म्हणजे काय गं?

लेक: म्हणजे थर लावला आणि पुसायच्या आत बाबा थांबले. त्यांनी काम अर्ध्यात सोडलं. का, ते मला नाही माहीत.

आई: अर्ध्यात... चार दिवस आधी?

भागीदार: वहिनी, पाणी देऊ का तुम्हाला?

आई: म्हणजे तेव्हाच बरं नव्हतं त्यांना. तेव्हापासून. डॉक्टरांनी विचारलं होतं मला, 'आधी कधी हात दुखला होता का? घाम फुटला होता का?' मी म्हटलं, नाही. ठामपणे म्हटलं, मी घरातच असते, मला कळलं असतं. चार दिवस माझ्या समोर जेवले ते, माझ्या शेजारी झोपले. आणि मला काही दिसलं नाही. चार दिवस होते हो हातात! कुणी एवढंच म्हटलं असतं की चला, दाखवून येऊ. मी म्हणायला हवं होतं. मी बायको होते.

लेक: आई, बास. प्लीज. तोच पाढा रोज म्हणतेस तू.

आई: म्हणणार. मरेपर्यंत म्हणणार. माझीच चूक ती.

भागीदार: तुमची नाही.

आई: तुम्ही नका समजूत घालू, भाऊजी.

भागीदार: समजूत घालत नाहीये. तुमची चूक नाही, कारण तुम्हाला माहीत नव्हतं. मला माहीत होतं.

लेक: काय?

भागीदार: हा लाईट बंद कर आधी. डोळ्यावर येतोय.

लेक: काका, काय माहीत होतं?

भागीदार: दुपारची वेळ होती. गाडी पूर्ण झाली होती त्याची, एवढा कोपराच राहिला होता. मी इथे उभा होतो, फोनवर. एक गिऱ्हाईक होतं, मोठी काळी गाडी, चारला येतो म्हणाला होता आणि तीनलाच येऊन उभा राहिला. त्याच्या काचा राहिल्या होत्या पुसायच्या. मी उस्तादला हाक मारली. म्हटलं, घरची गाडी राहू दे, आधी ह्याच्या काचा कर. तो म्हणाला, 'लावलंय, तेवढं पुसू दे, नाहीतर बसेल.' मी परत हाक मारली, तर हा बादलीवर बसलेला. डावा हात असा धरून.

आई: डावा?

भागीदार: डावा. म्हणाला, 'हात भरून आलाय रे. जरा पाणी दे.' पंख्याखाली बसला होता आणि शर्ट भिजला होता त्याचा पाठीपर्यंत. मला दिसला घाम, वहिनी. मी आंधळा नव्हतो. आणि मी म्हटलं, 'आता नाटकं नकोत, गिऱ्हाईक डोक्यावर उभं आहे. ऊठ.'

लेक: असं म्हणालात? बाबांना?

भागीदार: रोजच म्हणायचो आम्ही एकमेकांना. तोही मला म्हणायचा. पण त्या दिवशी तो उठला. काचा केल्या त्याने. गिऱ्हाइकाशी हसून बोललासुद्धा. मग इकडे आला तर हे एवढं बसलं होतं. बराच वेळ बघत उभा राहिला. म्हणाला, 'राहिलं बघ. उद्या मशीन लावून काढतो.' दुसऱ्या दिवशी मी विचारलं, हात कसा आहे? म्हणाला, बरा आहे. बस. मलाही तेवढंच ऐकायचं होतं. कामं अंगावर होती.

लेक: आणि नंतर? ते गेल्यावर?

भागीदार: डॉक्टर वहिनींना विचारत होते ना, हात दुखला होता का? मी वहिनींच्या मागेच उभा होतो. वहिनी नाही म्हणाल्या आणि मी तोंड उघडलं नाही.

लेक: सव्वा वर्ष! सव्वा वर्ष ही बाई स्वतःला खातेय, काका. ताटावर बसली की म्हणते, मला कसं दिसलं नाही. झोपेत म्हणते. आणि तुम्ही दर महिन्याला दारात येऊन 'काही लागलं तर सांगा' म्हणून परत जायचात. आत या म्हटलं तरी कधी आत आला नाहीत. मला वाटायचं, काकांना घर रिकामं बघवत नाही.

भागीदार: तेही होतंच.

लेक: आणि आत्ता? आत्ताही मशीन फिरवून मोकळे होणार होतात तुम्ही! 'पाण्याचा डाग आहे' म्हणे!

भागीदार: हो. होणार होतो.

लेक: चल आई. ऊठ. दुसरीकडे करू, नाही केलं तरी चालेल. चावी दे.

आई: थांब.

लेक: इथे एक मिनिट थांबायचं नाहीये मला.

आई: मला विचारायचंय ह्यांना. भाऊजी, पाणी दिलंत का?

भागीदार: काय?

आई: त्यांनी पाणी मागितलं होतं. दिलंत का तुम्ही?

भागीदार: ...नाही. गिऱ्हाईक गेल्यावर आठवलं मला. तोवर तो स्वतःच नळावर जाऊन पिऊन आला होता.

आई: असं.

भागीदार: बोला वहिनी. काहीही बोला. शिव्या द्या. मी वाट बघतोय सव्वा वर्ष.

आई: शिव्या दिल्या की तुम्हाला बरं वाटेल. तुम्हाला बरं वाटावं असं काही करायला मी आत्ता तयार नाही.

भागीदार: बरोबर आहे.

आई: त्या दिवशी घरी आले ते. मी विचारलं, एवढे दमलेले का दिसता? 'तुझी गाडी केली ना,' म्हणाले. हसले. माझ्यापासून लपवलं त्यांनी. तुमच्यापासून नाही लपवलं, तुम्हाला हात दाखवला, पाणी मागितलं. मला नाही. इतके दिवस मी म्हणत होते, मला दिसलं नाही. अहो, त्यांनी मला दिसू दिलं नाही. आज पहिल्यांदा त्यांचा राग येतोय मला. माणूस गेल्यावर त्याचा राग कुठे काढायचा, सांगा?

लेक: आई...

आई: तुमचाही येतोय, भाऊजी. तो काही लगेच जायचा नाही. पण मी डॉक्टरांना खोटं नव्हते बोलले. मला खरंच माहीत नव्हतं. एवढं आज कळलं. एवढं तरी कळलं.

भागीदार: आधी सांगायला हवं होतं मी. रोज वाटायचं, आज जाऊन सांगतो. दारापर्यंत यायचो आणि तुम्ही म्हणायचात, 'भाऊजी, तुम्ही होतात म्हणून ह्यांचं इतकी वर्षं निभावलं.' मग जीभ उचलायची नाही.

आई: म्हणायचे खरी मी तसं.

लेक: काका, नळी द्या इकडे.

भागीदार: कशाला?

लेक: द्या. ...आई, इकडे ये. बघ. डागावर पाणी मारलं मी. बघ मणी. दारावर आहेत त्याच्यापेक्षा टपोरे. पुसलं नाही म्हणून जाड राहिलंय इथे. तू इतकं घासलंस तरी गेलं नाही. बाकी गाडी करून टाका तुम्ही, टप, दारं, सगळं. पण हा नका काढू. हा असाच राहू दे. मी घेऊन जाईन असा.

आई: नाही. हाच काढा.

लेक: अगं! मगाशी तूच जुनं काढू नका म्हणत होतीस ना?

आई: मगाशी ते मला त्यांचं काम वाटत होतं. हे त्यांचं काम नव्हे. तुझ्या बाबांनी आयुष्यात कुणाच्या गाडीवर असं अर्धं सोडलं नाही. उद्या तिकडे कुणी तुला विचारलं, हा डाग कसला, कुणी केलं हे कोटिंग? काय सांगशील? माझ्या बापाने? त्यांना मान वर करता आली नसती लाजेने. उद्या काढतो म्हणाले होते ना ते? मग काढायला हवा.

लेक: पण त्यांचा हात शेवटी इथे होता, आई.

आई: हात दुखत होता तो. तो दुखणारा हात घेऊन तू आठ तास गाडी चालवायची नाहीस. मला सहन नाही होणार.

लेक: बरं. रडू नकोस.

आई: रडत नाहीये. आणि रडले तर रडले. भाऊजी, काढा तुम्ही तो. दुसऱ्या कुणाकडे द्यायचा नाही, तुम्हीच काढा. दारं तशीच ठेवा, ती त्यांनी नीट केलीत. बाकीचं नवीन करा.

भागीदार: मी? माझ्या हाताने?

आई: त्यांचं अर्धं राहिलेलं काम ह्या शेडमध्ये तुम्हीच पुरं करायचात ना? आणि तेही तुमचं करायचे. मग हेही करा. किती वेळ लागेल?

भागीदार: एवढ्याला पाच मिनिटं. पॅड लावतो. मऊ लावतो, रंगाला झळ नको. जरा मागे सरा दोघी, उडेल अंगावर. ...कुठे गेलं ते बटण...

लेक: समोरच आहे, काका. अंगठ्याखाली.

भागीदार: हां. दिसलं. चालू करतो. करतो आता.

आई: पॅड लावलंच नाहीये तुम्ही अजून.

भागीदार: विसरलोच, लावतो. होईल. तिला सहाला निघायचंय, वेळ नको घालवायला. थर बसायलाही रात्रभर लागेल, दुपारच्या आत लावायला हवा.

आई: ठेवा ते मशीन खाली.

भागीदार: नाही वहिनी, करतो मी. खरंच करतो.

आई: ठेवा म्हणते ना. गाडी कुठे पळून चालली नाही, पोरगी तासभर उशिरा निघाली तरी चालेल. ती बादली घ्या आणि बसा आधी. घाम आलाय तुम्हाला.

भागीदार: वहिनी...

लेक: बसा काका. मी पाणी आणते.